डाओमधल्या हंगामी काउन्सिलची मुदत वाढवायची असेल तर नक्की काय काय करावं लागतं

दर काही महिन्यांनी कोणाचा ना कोणाचा मेसेज येतोच, "आमच्या काउन्सिलची मुदत पुढच्या आठवड्यात संपतेय, एक छोटंसं प्रपोजल टाकून सहा महिने वाढवून घेऊ ना?" आणि मी दर वेळी उलटा प्रश्न विचारते, संपतेय म्हणजे कुठे संपतेय? चार्टरमधे, कॉन्ट्रॅक्टमधे, की फक्त तुमच्या डोक्यात? बहुतेकांना सांगता येत नाही. तिथून गप्पा सुरू होतात आणि तासभर चालतात, म्हणून म्हटलं एकदा सगळं लिहूनच टाकू.

ज्यांना डाओ नवीन आहे त्यांच्यासाठी एवढंच, की ज्या संस्थेची तिजोरी आणि नियम ब्लॉकचेनवरच्या कॉन्ट्रॅक्टमधे (म्हणजे आपोआप चालणाऱ्या कोडमधे) असतात आणि निर्णय टोकनवाल्यांच्या मतदानाने होतात ती डाओ. ऐकायला वाटतं इथे पदाधिकारी-बिदाधिकारी काही नसतील. असतात हो. सिक्युरिटी काउन्सिल असते, स्टुअर्ड असतात, मल्टिसिगचे, म्हणजे एकाहून जास्त सह्या लागणाऱ्या पाकिटाचे, सायनर असतात, सुरुवातीला सहा महिन्यांसाठी म्हणून बसवलेली हंगामी कमिटी असते. आणि हंगामी म्हटलं की पुढे काय होतं ते मुंबईकरांना मी सांगायला नको, महापालिकेची मुदत मार्च २०२२ ला संपली, प्रशासक आले आणि मतदान व्हायला जानेवारी २०२६ उजाडला. डाओमधे कोर्टबाजी कमी असते पण आळस तेवढाच असतो.

माझं म्हणणं थोडक्यात असं आहे की मुदतवाढ ही जुन्या अधिकाराला लावलेली शेपटी नसावी, तो नव्याने मागितलेला, नव्या तारखेचा आणि शक्यतो आधीपेक्षा लहान अधिकार असावा. आणि मागताना मतदान फसलं तर काय, याचं उत्तर आधीच लिहिलेलं असावं, ते म्हणजे अधिकार गेला. बाकी खालचं सगळं हे प्रत्यक्षात कसं आणायचं त्याबद्दल आहे.

पहिली पायरी: वाढवायची खरंच गरज आहे का

हा प्रश्न कोणी विचारतच नाही कारण काउन्सिलवर बसलेली माणसं आपलीच असतात, कालच त्यांच्याबरोबर कॉलवर हसलो-बोललो असतो, आता तोंडावर कसं विचारणार की तुम्ही हवेच आहात का. पण विचारा.

तातडीचा अधिकार मुळात का देतात ते बघा. सप्टेंबर २०२१ च्या शेवटी कंपाउंड या क्रिप्टो कर्जाच्या प्रोटोकॉलमधे ६२ नंबरचं प्रपोजल लागू झालं, त्यात बग होता आणि काही लोकांना हक्कापेक्षा कितीतरी जास्त टोकन क्लेम करता यायला लागले, कोट्यवधी डॉलरचा मामला. सगळ्यांना डोळ्यांसमोर दिसत होतं पण थांबवायला बटणच नव्हतं, कारण कोणताही बदल सात दिवसांच्या गव्हर्नन्स प्रोसेसमधूनच जाणार होता. असलं काही बघितलं की वाटतं, चार भरवशाच्या माणसांकडे ब्रेक असावा. आता दुसरी बाजू. बीनस्टॉक नावाच्या दुसऱ्या प्रोटोकॉलमधे घाईच्या वेळेसाठी एक सोय होती, दोन तृतीयांश मतं असली तर चोवीस तासांनंतर प्रपोजल लगेच लागू करता येई. १७ एप्रिल २०२२ ला एकाने फ्लॅश लोन, म्हणजे एकाच ट्रान्झॅक्शनमधे घेऊन फेडायचं बिनतारण कर्ज, घेऊन तेवढी मतं एका ट्रान्झॅक्शनपुरती गोळा केली, तीच सोय वापरली आणि प्रोटोकॉलचं सुमारे १८.२ कोटी डॉलरचं नुकसान झालं. म्हणजे तातडीचा दरवाजा ठेवला की तो नुसताच पडून आहे असं समजून चालत नाही, जितके दिवस आहे तितके दिवस कोणीतरी त्याचं कुलूप बघतंय असंच धरून चाला.

माझ्या मते मुदतवाढीची सगळ्यात शिकण्यासारखी केस म्हणजे ईएनएस, इथेरियमवरची डोमेन नावं देणारी संस्था. त्यांची अडचण अशी होती की तिजोरी मोठी पण डेलिगेट केलेली (म्हणजे मतदानासाठी कोणाच्या तरी नावे लावलेली) मतं त्या मानाने कमी, म्हणजे बाजारातून पुरेशी टोकन विकत घेऊन मतदान जिंकायचं आणि तिजोरी रिकामी करायची, हा सौदा परवडेल अशी भीती. म्हणून २०२४ मधे त्यांनी आठ जणांची सिक्युरिटी काउन्सिल केली, आठपैकी चार सह्या लागतात, आणि काम एकच, घातक प्रपोजल पास झालंच तर टाइमलॉकमधे, म्हणजे लागू होण्याआधीच्या सक्तीच्या थांब्यात, असतानाच ते रद्द करायचं. मुदत दोन वर्षं, तीही कॉन्ट्रॅक्टमधेच कोरलेली.

आता अशा काउन्सिलला मुदतवाढ हवी असेल तर समर्थनात काय लिहाल? "काउन्सिलने छान काम केलं" हे उत्तरच नाही. अधिकार दिला होता मतं कमी होती म्हणून, मग आज डेलिगेट केलेली मतं किती आहेत, तिजोरीशी तुलना केली तर हल्ला अजून परवडतो का, एवढंच बोलायचं. परवडत असेल तर वाढवा. नसेल तर काउन्सिलने कितीही घाम गाळलेला असो, आभार माना आणि मोकळं करा. तुमच्या डाओचंही असंच करा, अधिकार दिला त्या दिवशीचं प्रपोजल उघडा, त्यात कारण काय लिहिलंय ते शब्द न् शब्द वाचा आणि ते कारण अजून जिवंत आहे का ते तपासा. मी बघितलेल्या निम्म्या वेळा कारण लिहिलेलंच नसतं, "सुरुवातीच्या काळासाठी" एवढंच असतं. मग सुरुवात कधी संपते म्हणे?

दुसरी पायरी: अधिकार राहतो कुठे ते शोधा

अधिकार तीन ठिकाणी असतो. कागदावर, म्हणजे चार्टर किंवा पास झालेलं प्रपोजल. किल्लीत, म्हणजे सेफमधले (सेफ म्हणजे मल्टिसिग पाकीट) सायनर आणि कॉन्ट्रॅक्टमधले रोल, म्हणजे कोणत्या पत्त्याला काय करता येतं त्या परवानग्या. आणि पैशात, म्हणजे मानधनाचा स्ट्रीम (थोडे थोडे करून आपोआप जाणारे पैसे), मंजूर बजेट. घोळ होतो तो एक वाढवून बाकीचे दोन विसरल्यामुळे. कागदावर मुदत संपली पण किल्ल्या तशाच, हे तर सर्रास. उलटंही होतं, मुदत वाढवली पण स्ट्रीम जुन्या तारखेला बंद पडला आणि माणूस दोन महिने फुकट राबला.

तर एक शीट उघडा, तीन कॉलम करा आणि बसून तपासा. सेफच्या सेटिंगमधे सायनर कोण आणि किती सह्या लागतात ते दिसतं, ते सगळेच बघतात, पण त्याखालचं मॉड्यूल हे पान कोणी उघडत नाही. मॉड्यूल म्हणजे सह्या न घेता सेफमधून व्यवहार करू शकणारं कॉन्ट्रॅक्ट. सायनर बदलले आणि मॉड्यूल तसंच राहिलं तर तुम्ही पुढच्या दाराचं कुलूप बदललं आणि मागचं दार सताड उघडं ठेवलं.

मग टाइमलॉक. एक्सप्लोररवर, म्हणजे ब्लॉकचेन वाचायच्या वेबसाइटवर, टाइमलॉकचं कॉन्ट्रॅक्ट उघडून रीड टॅबमधे हॅज रोल नावाचं फंक्शन असतं, रोलचा हॅश आणि पत्ता टाकला की हो किंवा नाही असं उत्तर येतं. पण लक्षात घ्या, हे फक्त तुम्ही विचारलेल्या पत्त्याबद्दल सांगतं. रोल कोणाकोणाकडे आहे याची यादी ओपनझेपलिनच्या (तयार कॉन्ट्रॅक्ट कोडचा नेहमी वापरला जाणारा संच) साध्या अ‍ॅक्सेस कंट्रोलमधे मिळत नाही, त्यासाठी रोल दिल्याचे आणि काढल्याचे सगळे इव्हेंट पहिल्या दिवसापासून चाळावे लागतात. कंटाळवाणं काम आहे, पण ज्याने कॉन्ट्रॅक्ट डिप्लॉय केलं त्याच्या वॉलेटकडे अ‍ॅडमिन रोल अजून तसाच आहे, हे असंच चाळताना सापडतं.

हे झालं की तुमची तारीख कोणत्या जातीची आहे ते कळतं. नुसती चार्टरमधे लिहिलेली असेल तर सोशल व्होट, म्हणजे स्नॅपशॉट या साइटवरचं, ब्लॉकचेनबाहेरचं मतदान, पुरतं. कॉन्ट्रॅक्टमधे असेल पण बदलता येत असेल तर ऑन-चेन, म्हणजे थेट ब्लॉकचेनवरचं, ट्रान्झॅक्शन लागेल. कंपाउंडच्या गव्हर्नर ब्राव्हो या मतदान चालवणाऱ्या कॉन्ट्रॅक्टमधे असं आहे, पुरेशी टोकन नसतानाही प्रपोजल टाकायची परवानगी एखाद्या पत्त्याला देता येते आणि ती देताना पत्ता आणि मुदत अशा दोनच गोष्टी द्याव्या लागतात, वाढवायची म्हणजे तेच फंक्शन नव्या तारखेने परत बोलवायचं. आणि तिसरी जात म्हणजे कोरलेली तारीख, ईएनएससारखी, जी कोणाच्या बापाला बदलता येत नाही.

ईएनएसची रचना जरा जवळून बघण्यासारखी आहे. त्यांच्या टाइमलॉकची आवृत्ती जुनी, तिथे व्यवहार रांगेत लावायचा आणि रांगेतून काढायचा अधिकार एकाच रोलमधे आहे. तो रोल थेट काउन्सिलच्या सेफला दिला असता तर रद्द करण्याबरोबर वाट्टेल तो व्यवहार रांगेत लावायचीही ताकद त्या चार सह्यांना मिळाली असती. म्हणून मधे एक छोटं कॉन्ट्रॅक्ट बसवलं. रोल त्या कॉन्ट्रॅक्टकडे, आणि काउन्सिलला त्यातून फक्त व्हेटो करता येतो. दोन वर्षं झाली की आणखी एक फंक्शन उघडतं, ते कोणीही, अगदी तुम्ही-मीसुद्धा, चालवू शकतो आणि ते चाललं की कॉन्ट्रॅक्टचा रोल जातो. अशा ठिकाणी मुदतवाढ हा शब्द फक्त बोलण्यापुरता, खरं तर नवीन कॉन्ट्रॅक्ट डिप्लॉय करायचं आणि त्याला रोल द्यायचं ऑन-चेन प्रपोजल पास करायचं. मला हे आवडतं, कारण वाढवणं मुद्दाम अवघड ठेवलंय.

तिसरी पायरी: तारीख उलटी मोजा

लग्नाची तयारी जशी मुहूर्तापासून मागे मोजतो तसं. समजा मुदत ३१ डिसेंबर २०२६ ला संपतेय आणि नियम ईएनएससारखे आहेत, म्हणजे स्नॅपशॉटवर पाच दिवस, मग ऑन-चेन मतदान, मग दोन दिवसांचा टाइमलॉक. शेवटी तीन दिवस हातचे ठेवा, म्हणजे एक्झिक्यूट २८ ला. टाइमलॉक २६ पासून. ऑन-चेन मतदान १९ ला सुरू. पण एवढ्यावर समाधान मानू नका, पहिलं मतदान कोरमअभावी पडलं तर दुसरं घ्यायला दोन आठवडे हवेत, म्हणून ते ५ डिसेंबरला सरकवा. त्याआधी स्नॅपशॉट, ३० नोव्हेंबर. त्याआधी चर्चेला तीन आठवडे, ९ नोव्हेंबर, म्हणजे ऐन दिवाळी, म्हणजे मसुदा फराळाच्या आधीच तयार पाहिजे. एकूण साधारण दोन महिने आणि कामाचा अहवाल लिहायला अजून एक आठवडा. आर्बिट्रमसारख्या (इथेरियमच्या आधाराने चालणारी दुसरी ब्लॉकचेन) ठिकाणी, जिथे मोठे बदल दोन-तीन टाइमलॉकमधून आणि एका ब्लॉकचेनवरून दुसऱ्या ब्लॉकचेनवर जातात, तिथे पहिल्या मतदानापासूनच महिन्याच्या वर जातो, तिथे तीन महिने धरा.

मतदानाचे दिवस मोजताना एक फसगत होते. मतदान चालवणाऱ्या बऱ्याच गव्हर्नर कॉन्ट्रॅक्टमधे कालावधी दिवसांत नाही, ब्लॉकमधे लिहिलेला असतो. ईएनएसचा ४५,८१८ ब्लॉक आहे. तो ठरवला तेव्हा हिशोब बरोबर एका आठवड्याचा होता, सुमारे १३.२ सेकंदाला एक ब्लॉक धरून. सप्टेंबर २०२२ मधे इथेरियमचं मर्ज (ब्लॉक बनवायची पद्धत बदलणारं अपग्रेड) झालं आणि ब्लॉक १२ सेकंदांवर आला, त्यामुळे तोच आठवडा आता सहा दिवस आणि पावणेनऊ तासांचा झालाय. युनिस्वॅप या टोकन अदलाबदलीच्या प्रोटोकॉलचे ४०,३२० ब्लॉक, १५ सेकंदांनी सात दिवस, १२ सेकंदांनी ५.६ दिवस. म्हणजे "रविवारी रात्री व्होट करू" म्हणणारा डेलिगेट रविवारी येतो तेव्हा मांडव उठलेला असतो.

आमचीच गोष्ट सांगते. एक छोटी डाओ, नाव नको, मी तिथे पाचपैकी एक सायनर. हंगामी काउन्सिलची मुदत ३१ डिसेंबर. सगळ्यांना माहीत होतं, सगळ्यांनी धरून चाललं की दुसरा कोणीतरी प्रपोजल टाकेल, शेवटी २३ तारखेला टाकलं गेलं. नाताळच्या आठवड्यात युरोपातले दोन मोठे डेलिगेट गायब. विरोधात एक मत नव्हतं, पण कोरम भरला नाही आणि प्रपोजल पडलं. १ जानेवारीला परिस्थिती अशी की सेफमधे आमच्या किल्ल्या चालू, पण कागदावर आम्ही कोणीच नाही. ४ तारखेला सर्व्हरचं बिल आलं, रक्कम अशी की त्यावर दोनदा विचारही करायला नको. ग्रुपवर दोघे म्हणाले भरून टाकू, नंतर सांगू, कोण विचारतंय. मी आणि अजून एक जण नाही म्हणालो, त्यावरून रात्री दीड वाजेपर्यंत भांडण. नाही भरलं. नऊ दिवस डॅशबोर्ड बंद होता, लोकांनी शिव्या घातल्या, मग नव्याने मतदान झालं आणि अधिकार परत मिळाल्यावर भरलं. आजही मला तेच बरोबर वाटतं, पण ऑक्टोबरमधे कॅलेंडर उघडलं असतं तर हा तमाशाच झाला नसता.

चौथी पायरी: आधी हिशोब मांडा, मग मागा

मुदत वाढवून मागणाऱ्याने आधी दाखवायचं की मिळालेल्या अधिकाराचं काय केलं. दोन पानं पुरतात. किती वेळा वापरला, प्रत्येक वेळी कोणती ट्रान्झॅक्शन, कोणी सह्या केल्या, किती वेळात केल्या. मधे कोणी सायनर पोचण्याबाहेर होता का हेही लिहा, कारण चार सह्या लागतात आणि आठातले पाच जण सहा महिने सापडतच नाहीत अशी काउन्सिल वाढवून उपयोग काय. एकदाही वापरला नसेल तर तसं सरळ लिहा, लाजायचं काय त्यात, आग लागली नाही म्हणून फायर एक्स्टिंग्विशर फेकून देत नाही आपण. पण मग किमान एक ड्रिल करून दाखवा, टेस्टनेटवर (सरावाच्या ब्लॉकचेनवर) का होईना, रात्री-अपरात्री सह्या गोळा व्हायला किती वेळ लागतो ते कळू दे.

हा अहवाल काउन्सिलने लिहावा, पण मुदतवाढीचं प्रपोजल शक्यतो दुसऱ्या कोणी टाकावं. स्वतःची बदली स्वतः रद्द करणारा साहेब कसा दिसतो, तसं दिसतं ते.

पाचवी पायरी: मसुदा

इथे शब्दांना फार महत्त्व आहे, म्हणून नमुनाच देते, हवा तसा बदला:

"ठराव क्रमांक अमुकने काउन्सिलला दिलेला, रांगेतला व्यवहार रद्द करण्याचा अधिकार ३० जून २०२७ रोजी २३:५९:५९ यूटीसीपर्यंत देण्यात येत आहे. त्या वेळेनंतर हा अधिकार कोणत्याही वेगळ्या कृतीशिवाय संपेल. या काळात नवीन खर्च मंजूर करणे, सायनरची संख्या बदलणे किंवा स्वतःची मुदत वाढवणे हे काउन्सिलच्या अधिकारात नसेल. हा ठराव नामंजूर झाल्यास किंवा कोरम न भरल्यास आधीची ३१ डिसेंबर २०२६ ही तारीख कायम राहील."

वेळ यूटीसीमधे, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, लिहा. "महिनाअखेर", "तिमाही संपेपर्यंत" असलं काही नको, कोणाची महिनाअखेर, टोकियोची की न्यूयॉर्कची?

सगळ्यात धोकादायक वाक्य म्हणजे "नवीन काउन्सिल निवडून येईपर्यंत". दिसायला किती समंजस आहे, पण यात निवडणूक न घेणाऱ्यालाच बक्षीस आहे. लिहायचंच असेल तर पुढे टोपण लावा, "पण जास्तीत जास्त ४५ दिवस". तसंच वाढ मूळ मुदतीपेक्षा कमी ठेवा आणि किती वेळा वाढवता येईल तेही लिहा, माझा आकडा एक. दुसऱ्यांदा हवी असेल तर तो अधिकार हंगामी राहिलेला नाही, मग सरळ कायमची काउन्सिल करा आणि निवडणूक घ्या. आर्बिट्रमच्या सिक्युरिटी काउन्सिलचं बघा, बारा जण, सहा-सहाच्या दोन तुकड्या, एका वेळी एकाच तुकडीची निवडणूक. सगळे एकदम जात नाहीत त्यामुळे "आता कोणीच उरणार नाही हो, वाढवा" अशी रडारड करायची वेळच येत नाही.

आणि एका ठरावात एकच गोष्ट. मुदतवाढ, मानधनवाढ आणि नवीन बजेट एकत्र बांधून आणलं की लोकांना एकासाठी तिन्ही गिळावं लागतं, किंवा तिन्ही थुंकावं लागतं.

सहावी पायरी: मतदान

स्नॅपशॉटवर पर्याय मांडताना "३ महिने वाढवा", "६ महिने वाढवा", "वाढवू नका" असे तीन साधे पर्याय ठेवू नका. वाढवा म्हणणाऱ्यांची मतं दोन जागी फुटतात आणि साठ टक्के लोकांना वाढ हवी असूनही "नको" जिंकू शकतं. एकतर रँक्ड चॉइस वापरा, स्नॅपशॉटमधे ती सोय आहे, नाहीतर मसुद्यातच एक कालावधी ठरवून हो-नाही विचारा. मी दुसरंच करते, भांडण चर्चेतच संपवलेलं बरं.

काउन्सिलवाल्यांकडे स्वतःची किंवा डेलिगेट झालेली मतं असतील तर त्यांनी काय करायचं, हा नेहमीचा वाद. ओपनझेपलिनच्या नेहमीच्या मोजणीत "तटस्थ" मतं कोरममधे धरली जातात पण निकालात नाही. मग त्यांनी तटस्थ मत द्यावं, कोरमला हातभार लागतो आणि स्वतःच स्वतःला निवडल्याचा डाग लागत नाही. पण तुमचं कॉन्ट्रॅक्ट ब्राव्हो जातीचं असेल तर कोरममधे फक्त बाजूने पडलेली मतं मोजतात, तिथे तटस्थचा काही उपयोग नाही. आधी बघून घ्या.

कोरमसाठी फोन करा, मेसेज करा, मागे लागा, त्यात कमीपणा नाही. ईएनएसचा कोरम १० लाख टोकन, एकूण १० कोटींचा एक टक्का, कंपाउंडचा ४ लाख, युनिस्वॅपचा ४ कोटी. तुमचा किती आहे आणि गेल्या पाच मतदानांत किती मतं पडली ते शेजारी-शेजारी लिहा, लगेच कळेल कोणत्या चार लोकांशिवाय तुमचं चालणार नाही. नव्या लोकांना हेही सांगा की टोकन नुसते वॉलेटमधे असून मत मिळत नाही, ते स्वतःला तरी डेलिगेट करावे लागतात, आणि तेही कोणाकडे किती मतं याची नोंद गोठवली जाते त्याच्या आधी. मतदान सुरू झाल्यावर डेलिगेट करून "माझं मत शून्य का दाखवतंय" विचारणारा एक तरी भेटतोच.

मतदान संपायची वेळ शनिवार-रविवारी येऊ देऊ नका. कंपाउंडचं २८९ नंबरचं प्रपोजल, ४ लाख ९९ हजार टोकन एका गटाच्या व्हॉल्टमधे पाठवायचं, २८ जुलै २०२४ ला पास झालं, ६,८२,१९१ विरुद्ध ६,३३,६३६. तो रविवार होता. नंतर समझोता होऊन ते मागे घेतलं गेलं ही गोष्ट वेगळी.

सातवी पायरी: ऑन-चेन

नवीन रोल देणं आणि जुना काढणं हे एकाच प्रपोजलमधे दोन कॉल म्हणून टाका. बॅच एकत्र चालते, एक फसला तर दोन्ही फसतात, म्हणजे जुना गेला आणि नवा आला नाही अशी मधली पोकळी राहत नाही. वेगवेगळी प्रपोजल केली की ती राहते.

तारीख सेकंदांत द्यावी लागते. ३१ डिसेंबर २०२६, २३:५९:५९ यूटीसी म्हणजे १७९८७६१५९९. दहा आकडे. जावास्क्रिप्टमधून तारीख काढली तर ती मिलिसेकंदांत येते, तेरा आकडे, आणि कॉन्ट्रॅक्ट बिचारं ते सेकंद समजून गिळतं. मी एका मसुद्यात हे स्वतः पकडलंय, सहज म्हणून तो आकडा परत तारखेत बदलून बघितला तर साल आलं ५८ हजार नऊशे काहीतरी. तात्पुरती काउन्सिल, ५७ हजार वर्षं! तीन डेव्हलपरनी तपासून ओके म्हटलेलं होतं. तेव्हापासून मी आकडे बोट ठेवून मोजते, अगदी शाळेतल्यासारखं.

कॉलडेटा, म्हणजे प्रपोजल प्रत्यक्षात जे चालवणार तो कोड, डिकोड करून वाचा, आणि टेंडर्ली या टूलवर सिम्युलेशन (लुटुपुटूची चाचणी) चालवून लिंक चर्चेत टाका. वर्णनात लिहिलंय तेच कोडमधे आहे असं धरू नका. मे २०२३ मधे टॉर्नेडो कॅश या व्यवहारांचा माग लपवणाऱ्या प्रोटोकॉलच्या डाओमधे असंच झालं, आधीच्या एका प्रपोजलसारखंच आहे म्हणून सांगितलं, पास झाल्यावर त्या पत्त्यावरचा कोडच बदलला आणि हल्लेखोराने स्वतःला १२ लाख मतं दिली, तेव्हा खरी मतं ७ लाखांच्या आसपास होती. मुदतवाढीसारखं "नेहमीचंच" वाटणारं प्रपोजल लपायला उत्तम जागा असते.

आणि हो, पास झालं म्हणजे झालं नाही. क्यू करावं (टाइमलॉकच्या रांगेत लावावं) लागतं, टाइमलॉक संपल्यावर एक्झिक्यूट करावं लागतं, यातलं काहीच आपोआप होत नाही, कोणीतरी गॅस (ब्लॉकचेनचं व्यवहार शुल्क) भरून बटण दाबायचं असतं. कंपाउंडच्या टाइमलॉकमधे तर वेळ झाल्यापासून चौदा दिवसांत दाबलं नाही तर प्रपोजल बाद. बटण कोण दाबणार त्याचं नाव आधीच ठरवा आणि एक बदली माणूसही.

मुदत आधीच उलटून गेली असेल तर

तर वाढवू नका, नव्याने द्या. "मागील तारखेपासून लागू" हे वाक्य लिहायचा मोह होतो, त्याने मधल्या काळात जे काही केलं ते आपसूक धुतलं जातं. त्याऐवजी तीन गोष्टी करा: आज आम्हाला अधिकार नाही असं जाहीर सांगा, मधल्या काळात कोणी काही सही केली असेल तर त्याची यादी द्या आणि ती मंजूर करायची की नाही याचं वेगळं मतदान घ्या, आणि अधिकाराचं मतदान वेगळं.

एकत्र केलं की काय होतं ते आर्बिट्रमने २०२३ च्या मार्च-एप्रिलमधे बघितलं. पहिल्याच प्रपोजलमधे फाउंडेशनसाठी ७५ कोटी टोकनसकट बऱ्याच गोष्टी एकत्र होत्या, आणि मतदान चालू असतानाच कळलं की त्यातले ५ कोटी आधीच हलवलेत. फाउंडेशनचं म्हणणं पडलं की हे मतदान म्हणजे मंजुरी मागणं नव्हे, झालेल्या निर्णयाला दुजोरा देणं. लोक भडकले. शेवटी ते तोडून वेगवेगळी प्रपोजल करावी लागली आणि पैशांचा हिशोबही द्यावा लागला.

सायनर म्हणून तुमचा स्वतःचाही विचार करा. ऊकी डाओच्या केसमधे अमेरिकेच्या सीएफटीसीने (तिथल्या वायदेबाजाराच्या नियामकाने) डाओलाच प्रतिवादी केलं आणि जून २०२३ मधे निकाल तिच्या विरोधात जाऊन ६,४३,५४२ डॉलरचा दंड झाला. मुदत संपल्यावर केलेली सही कोणाच्या नावावर, डाओच्या की तुमच्या, हा प्रश्न वकिलासमोर छान वाटत नाही. भारतात बसून टोकनमधे मानधन घेत असाल तर २०२२ पासून अशा टोकनच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे, मुदतवाढीबरोबर स्ट्रीमही वाढला तर सीएला आधीच सांगा, मार्चमधे नको.

एक्झिक्यूट झाल्यावर

त्याच दिवशी हॅज रोल परत वाचा, नव्या पत्त्याला हो आणि जुन्याला नाही आलं पाहिजे, दोन्हीचे स्क्रीनशॉट चर्चेत टाका. जे सायनर पुढे नाहीत त्यांना सेफमधून काढा आणि काढताना सह्यांचा आकडा बघा, सात जणांत पाच सह्या आणि पाच जणांत पाच सह्या यात फार फरक आहे, दुसऱ्यात एकाचा लेजर (किल्ली ठेवायचं छोटं उपकरण) हरवला की सगळं अडकलं. स्ट्रीमची शेवटची तारीख अधिकाराच्या तारखेशी जुळवा. चार्टरमधे नवी तारीख टाका, जुनी खोडून नव्हे, खाली ठेवून.

मग कॅलेंडर. एक रिमाइंडर मुदतीच्या सत्तर दिवस आधीचा, काउन्सिलबाहेरच्या दोघांच्या फोनमधेही लावलेला. दुसरा मुदत संपते त्या क्षणाचा, किल्ल्या खरंच गेल्या का ते बघायला. ३१ डिसेंबरचं २३:५९:५९ यूटीसी आपल्याकडे १ जानेवारीला पहाटे साडेपाचला संपतं, त्यामुळे माझ्या फोनमधे पाच एकतीसचा अलार्म आहे. घरचे विचारतात नवीन वर्षाचा संकल्प का, मी हो म्हणते.